घरी पत्ते मांडण्याआधी : गोव्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पर्वरी, ताळगाव, फोंडा, मडगाव, दाबोळी इथे पुणे, कोल्हापूर, बेळगावहून नोकरीधंद्यासाठी आलेली मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. शनिवारी रात्री चार घरची माणसे जमतात, जेवणे होतात, मुले झोपतात आणि कोणीतरी पत्त्यांचा कॅट बाहेर काढतो. दोन डाव झाले की प्रश्न येतोच, "थोडे पैसे लावायचे का?" त्यावर ठरलेले उत्तरही येते. "अरे, आपण गोव्यात आहोत. इथे राजरोस कॅसिनो चालतात, आपल्या हॉलमधल्या तीन पत्तीला कोण विचारतोय?"

हे उत्तर चुकीचे आहे आणि ते ऐकून निर्धास्त झालेली चांगली माणसे अडचणीत येऊ शकतात. घरच्या घरी पत्ते खेळणे हा गुन्हा नाही. पण त्या खेळातून घराला कमाई सुरू झाली की तेच घर कायद्याच्या नजरेत अड्डा ठरू शकते. ती हद्द कुठे आहे आणि तिच्या अलीकडे कसे राहायचे, हे पुढे क्रमाने सांगतो. ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष गुन्हा दाखल झाला तर गोव्यातलाच फौजदारी वकील गाठायचा.

पहिली पायरी : कॅसिनो डोक्यातून काढा

मांडवीत पणजीसमोर दिव्यांनी लखलखणारी जहाजे उभी असतात, त्यामुळे गोवा म्हणजे जुगाराला मोकळे रान असा समज देशभर आहे. प्रत्यक्षात गोव्याचा मूळ कायदा जुगाराला मनाई करणारा आहे. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ साली झाला. तेव्हा हा केंद्रशासित प्रदेश होता आणि शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. जुगाराचा अड्डा चालवणे हा या कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा आहे आणि अड्ड्यावर सापडणे हा कलम ४ खाली. गोव्यात छापा पडल्याची बातमी वाचा, बहुतेक वेळा हीच दोन कलमे दिसतील.

कॅसिनो आले ते नंतरच्या दुरुस्त्यांतून. १९९२ मध्ये १३-अ हे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आणि इलेक्ट्रॉनिक खेळांना परवानगी देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. १९९६ मध्ये त्यात जहाजांवरचे टेबल-खेळ आले. म्हणजे कायद्याच्या शब्दांप्रमाणे पत्त्यांचे आणि रूलेटचे टेबल पाण्यावरच्या जहाजात मांडता येते. जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलालासुद्धा यंत्रांपुरतीच मुभा आहे, तीही शुल्क भरून आणि अटी पाळून. जे त्या हॉटेलाला नाही, ते तुमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला कुठून मिळणार?

दुसरी बाजूही पाहा. २०१२ च्या दुरुस्तीने कॅसिनो पर्यटकांपुरते ठेवण्याची तरतूद केली आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी लागू झाली. कॅसिनोंवर देखरेख ठेवणाऱ्या गेमिंग कमिशनरची जबाबदारी व्यावसायिक कर आयुक्तांकडे देण्यात आली. एकवीस वर्षांखालच्यांना तर आत घेतच नाहीत. ज्या राज्याच्या नावावर आपण हॉलमध्ये पैसे लावतो, ते राज्य आपल्याच माणसांना त्या टेबलाजवळ फिरकू देत नाही.

आणखी एक गैरसमज इंटरनेटवरून येतो. शोधले की १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा समोर येतो, त्यातला दोनशे रुपयांचा दंड दिसतो आणि माणूस म्हणतो, एवढेच ना! तो गोव्याचा कायदा नव्हे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या नोंद ३४ मध्ये सट्टा आणि जुगार हा विषय राज्यांकडे दिला आहे. त्यामुळे गोव्यात गोव्याचा १९७६ चा कायदा लागतो, पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलात की १८८७ पासून चालत आलेला मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो, आणि चोर्ल्याचा घाट चढून बेळगावच्या बाजूला उतरलात की कर्नाटक पोलीस कायदा. बैठक ज्या गावात, त्या गावाचा कायदा.

दुसरी पायरी : या बैठकीतून घराला काय मिळते ते तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे बरेचसे यावरून ठरते.

अड्डा म्हणजे काय, याची जुगारविषयक कायद्यांतली व्याख्या साधारण अशी आहे : घर असो, खोली असो, तंबू असो की दुसरी कुठलीही जागा, तिथे जुगाराचे साहित्य ठेवलेले किंवा वापरात असले पाहिजे, आणि ते त्या जागेच्या मालकाच्या, तिथे राहणाऱ्याच्या, ती वापरणाऱ्याच्या किंवा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी असले पाहिजे. मग तो नफा जागेचे भाडे म्हणून घेतलेला असो, साहित्याच्या वापराचे पैसे म्हणून, की आणखी कुठल्या वाटेने. पत्ते तर निम्म्या घरांत सापडतात. घराचा अड्डा होतो तो त्या नफ्यामुळे.

जुगाराच्या जगात या नफ्याला नाल म्हणतात. प्रत्येक डावातून अड्डेवाला आपला हिस्सा बाजूला काढतो, ती नाल. सभ्य घरांत हे नाव कोणी घेत नाही, पण तीच पद्धत वेगळ्या रूपात सहज शिरते. ज्याच्या घरी बैठक तो प्रत्येक डावातून दहा रुपये डब्यात टाकतो, "बिअर आणि चिकनचे भागले पाहिजे ना." पोकर खेळणारे सुरुवातीच्या रकमेतून पाच टक्के "टेबलासाठी" ठेवतात. कोणी जागेचे म्हणून माणशी दोनशे घेतो. यजमानाच्या मनात कमाई नसेलही, पण बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की जुगाराच्या पैशातून एक वाटा घरमालकाकडे जातो आहे.

म्हणून पक्के ठरवा : डावातला एकही रुपया घरात राहणार नाही. टेबलावर जेवढे पैसे आले तेवढेच खेळणाऱ्यांकडे परत गेले पाहिजेत. जेवणाचा खर्च वाटून घ्यायचा असेल तर तो खेळाआधीच, खरा खर्च मोजून, खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या सगळ्यांकडून सारखा घ्या. किराणा आणि मासळीचे बिल ग्रुपवर टाका. जो फक्त जेवायला आला आहे आणि पत्त्यांना हात लावणार नाही, त्याच्याकडूनही तेवढेच घेतले, तर ते जेवणाचेच पैसे आहेत याबद्दल शंका उरत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण "नाल घेतली नाही की सगळे माफ" असेही बरेच जण समजतात. मुंबईच्या कायद्यातल्या अशाच व्याख्येचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वी असे म्हटले आहे की नफा प्रत्यक्ष हातात पडलाच पाहिजे असे नाही, खेळातून तो होण्याची अपेक्षा असली आणि त्याच हेतूने साहित्य वापरले तरी पुरे. नफा जागा "वापरणाऱ्याचा" असला तरी व्याख्येत बसतो, हेही लक्षात घ्या. तेव्हा दर शनिवारी एकाच घरी मोठ्या रकमा लावून तीन पत्ती चालत असेल, तर "मी काही घेत नाही" हा बचाव कोर्टात मांडता येईल, पण त्याच्या भरवशावर निर्धास्त झोपता येणार नाही. पैसे न लावता खेळणे एवढीच पूर्ण सुरक्षित वाट आहे.

आणि पैशावाचून रंगत येत नाही, हे मला अजिबात पटत नाही. गोव्यात मुले काजूच्या बिया लावून खेळत मोठी झाली आहेत. चिंचोके, बिया, प्लास्टिकच्या चिप्स यांवर गुण मोजा, महिनाभराचा तक्ता ठेवा, हरणाऱ्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना मासळीची कढी खाऊ घालायची असे ठरवा. मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन कित्येक पिढ्या एक पैसा न लावता खेळत आल्या, चवथीच्या जागरणात तर पहाटेपर्यंत.

तिसरी पायरी : खेळ बघून निवडा

भारतीय कायद्यात नशिबाचा खेळ आणि कौशल्याचा खेळ यांत मोठा फरक केला जातो. १९६७ साली आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबातली रमी आली. न्यायालयाने म्हटले की रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे. कोणते पत्ते पडले ते लक्षात ठेवावे लागते, काय धरायचे आणि काय टाकायचे याला अक्कल लागते. नशीब आहे ते पत्ते वाटण्यापुरते, जसे ब्रिजमध्येही असते. त्याच निकालात तीन पत्तीसारखा खेळ निव्वळ नशिबाचा म्हणून वेगळा काढला आहे.

पण हा निकाल अर्धाच सांगितला जातो. त्याच न्यायालयाने हेही म्हटले की पैसे लावून खेळलेल्या रमीतून किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातून घराचा किंवा क्लबाचा मालक नफा कमावत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. खेळ कौशल्याचा असला तरी नाल काढायला परवानगी मिळत नाही. पुन्हा दुसऱ्या पायरीवर या.

घरात चालणाऱ्या खेळांकडे पाहिले तर ब्रिज, रमी, मेंढीकोट, जजमेंट हे कौशल्याच्या बाजूला येतात. तीन पत्ती, अंदर-बाहर, फासे आणि जत्रेत दिसणारा गडगडा हे उघड नशिबाचे. तीन पत्तीत "मी समोरच्याचा चेहरा वाचतो" असे कितीही सांगितले तरी सर्वोच्च न्यायालयाचे शब्द आड येतात. जत्रेत गडगडा मांडलेला पाहिला म्हणून तो चालतो, असेही समजू नका. वर्षानुवर्षे चालत आलेला असला तरी तो जुगारच आहे.

पोकरचे चित्र धूसर आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकर आणि रमी यांना कौशल्याचे खेळ म्हटले. पश्चिम बंगालच्या कायद्यात तर पोकर जुगाराच्या व्याख्येतूनच वगळला आहे. यांतले काहीही गोव्याच्या पोलिसाला बांधून ठेवत नाही. पोकर खेळायचा तर चिप्सवर खेळा आणि चिप्सची किंमत शून्य ठेवा.

चौथी पायरी : जागा आणि माणसे

स्वतःचे राहते घर आणि ओळखीची माणसे, एवढ्यातच बैठक ठेवा. सोसायटीचा क्लबहाउस, गच्ची, बिल्डिंगखालचे पार्किंग, समुद्रकिनारा, बाग या जागी पैसे लावून बसू नका. उघड्यावर जुगार खेळणाऱ्यांना पकडण्याचे अधिकार पोलिसांना जुगारविषयक कायद्यांत सरळ दिलेले असतात, तिथे घराची आड मिळत नाही.

शनिवार-रविवारसाठी भाड्याने घेतलेला आसगाव, शिवोली किंवा कांदोळीचा व्हिला हे तुमचे घर नव्हे. तिथे केअरटेकर असतो, मालक असतो, शेजारी वैतागलेले असतात. क्रिकेटच्या हंगामात पर्वरी-कळंगुटकडच्या भाड्याच्या फ्लॅट आणि व्हिलांत सट्टेबाजांच्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या गोव्यात नेहमी येतात. त्यामुळे भाड्याच्या घरात रात्रभर माणसांची ये-जा, लॅपटॉप आणि रोकड दिसली की संशय पटकन येतो.

तुम्ही भाडेकरू असाल तर घरमालकाचाही विचार करा. आपले घर जुगाराला वापरले जाते हे माहीत असून जो ते चालू देतो, तोही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. आणि तुम्ही घरमालक असाल, तर भाडेकरूच्या घरी दर आठवड्याला अनोळखी माणसे पैशाच्या खेळासाठी येतात असे कळल्यावर गप्प बसू नका. लेखी समज द्या.

ओळखीच्याची ओळख, त्याच्या मित्राचा मित्र, व्हॉट्सअॅपवर "दोन जागा शिल्लक" अशी हाक, हे टाळाच. बैठक सगळ्यांना खुली झाली, तिला ठरलेला वार आला, प्रवेशाची रक्कम आली, की मित्रांचे जमणे मागे पडते आणि ते चालवणे सुरू होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेला अनधिकृत सट्टा किंवा जुगार हा "छोट्या संघटित गुन्ह्यां"त घातला आहे. शिक्षा एक वर्षापासून सात वर्षांपर्यंत. वर्षातून चारदा भेटणाऱ्या मित्रांसाठी हे कलम लिहिलेले नाही. पण नियमित मांडणाऱ्याने ते वाचून ठेवावे.

मुलांना पैशाच्या डावाजवळ बसवू नका. आणि गोव्यात मद्यपानाचे वय एकवीस आहे, हेही यजमानाने लक्षात ठेवायचे.

पाचवी पायरी : हौजी, क्रिकेट, मोबाइल

हौजी, म्हणजे तिकिटावरचे आकडे खोडत जाण्याचा तांबोला, गोव्याच्या रक्तात आहे. क्लबाचा वर्धापनदिन असो, फेस्त असो की लग्नाची आदली रात्र, आकडे पुकारणारा हवाच. घरी मुलांसाठी फुकट तिकिटे आणि डब्यातली बिस्किटे बक्षीस, यात काही अडचण नाही. पण हौजी हा पूर्ण नशिबाचा खेळ आहे. तिकिटे विकायची, जमलेल्या पैशातून बक्षिसे द्यायची आणि उरलेले आयोजकाने ठेवायचे, असे सुरू झाले की कौशल्याची सबब चालत नाही. अनधिकृत लॉटरी चालवण्यालाही न्याय संहितेत कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. सोसायटीसाठी निधी उभारायचा असेल तर सरळ वर्गणी मागा आणि बक्षिसे कोणाकडून तरी भेट म्हणून मिळवा. तिकीट फुकट ठेवा.

क्रिकेटवर घरी बसून लावलेली पैज हीसुद्धा पैजच. "चौघांतच आहे" म्हणून तिचे स्वरूप बदलत नाही. मित्रांपैकी एकजण भाव सांगायला आणि सगळ्यांचे पैसे धरून ठेवायला लागला की तो बुकीचेच काम करतो आहे.

मोबाइलवरचे पैशाचे खेळ हा वेगळा कायदा झाला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट मनाईत घेतले आहेत. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. पण ग्रुपमधला एखादा मित्र पोकर अॅपमध्ये खासगी क्लब उघडतो, चिप्स विकतो आणि यूपीआयने हिशेब चुकता करतो, तेव्हा तो नुसता खेळणारा राहत नाही. त्याला हे आजच सांगा. रमी कौशल्याचा खेळ आहे हा घरातल्या टेबलावरचा युक्तिवाद इथे उपयोगी पडत नाही.

सहावी पायरी : उधारी आणि कर

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेले पैसे समोरच्याने दिले नाहीत तर कोर्टात दावा लावून मिळत नाहीत. चिठ्ठी लिहून घेतली, चेक घेतला, तरी मुळात वसूल करता येईल असे कर्जच तिथे नसते. म्हणून उधारीवर डाव कधीच नको. हरलेल्याला "पुढच्या महिन्यात दे" म्हणणारा मित्र दयाळू वाटतो, पण चार महिन्यांनी आकडा पन्नास हजारांवर जातो, मग घरी बायकोला कळते आणि दोन कुटुंबांचे जाणे-येणे बंद होते. कायदा मध्ये पडत नाही म्हणूनच अशी वसुली दमदाटीकडे वळते, आणि दमदाटी हा वेगळा गुन्हा आहे.

जिंकलेल्या रकमेवर आयकर लागतो. पत्त्यांच्या खेळातली आणि जुगारातली कमाई उत्पन्नात धरली जाते, तिच्यावर सरसकट ३० टक्के दर आणि वर उपकर असतो. हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

सातवी पायरी : पोलीस आले तर

घाबरून पत्ते खिडकीबाहेर फेकू नका, कोणी मागच्या दाराने पळू नका. पळापळ झाली की साधी बैठकही अड्ड्यासारखी दिसते, आणि अंधारात दुसऱ्या मजल्यावरून उडी मारणारा जिवाला मुकतो.

अड्ड्याची खबर असेल तर ठरावीक दर्जाचा अधिकारी, किंवा त्याने अधिकार दिलेला पोलीस, घरात शिरून झडती घेऊ शकतो. तो अधिकार कशाखाली वापरला जातो आहे आणि अधिकाऱ्याचे नाव-हुद्दा काय, हे शांतपणे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. झडतीत पत्ते, फासे, चिप्स, हिशेबाचा कागद मिळाला तर ही जागा अड्डाच आहे आणि हजर असलेले सगळे खेळायलाच आले होते, असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. गप्पा मारायला आलेली वहिनी, सोफ्यावर झोपलेला पाहुणा, यांची नावेही यादीत येऊ शकतात. ज्यांना खेळायचे नाही त्यांना अशा बैठकीला बोलावताना याचा विचार आधीच करायला हवा. जेवणाचे वाटून घेतलेले बिल, सारखी वर्गणी, डावाबाहेर ठेवलेला हिशेब, हे सगळे इथे उपयोगी पडते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण झाले पाहिजे. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. जप्त केलेली रोकड आणि मोबाइल त्यात नीट लिहिले आहेत का ते पाहा, आणि जेवणासाठी जमवलेले पैसे किंवा कोणाच्या पाकिटातले घरखर्चाचे पैसे डावातले म्हणून लिहिले जात असतील तर तिथेच हरकत नोंदवायला सांगा. अटक केली तर कारण सांगावे लागते, घरच्यांना कळवावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी. वकिलाला भेटण्याचा हक्क चौकशीच्या काळातही आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक लावा, गोव्यातल्या कार्यालयाशी जोडून देतात.

"मिटवून टाकू" म्हणत मध्ये येणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. लाच हा जुगारापेक्षा मोठा गुन्हा आहे.

ग्रुपमधला एखादा बुडत असेल तर

ही पायरी नव्हे, पण सोडून देण्यासारखीही नाही. पैसे लावून चालणाऱ्या बैठकांत असा एखादा असतोच, ज्याला थांबता येत नाही. हरल्यावर रक्कम दुप्पट करतो, सगळे उठले तरी "शेवटचा एक डाव" म्हणतो, बायकोला फोनवर खोटे सांगतो, आणि घरची बैठक संपल्यावर मोबाइलवर खेळत राहतो. त्याला चिडवू नका, उसने पैसेही देऊ नका. त्याच्यासमोर पैशाचे डाव पूर्ण बंद करा, आणि हे सगळ्या ग्रुपने मिळून करा, नाहीतर तो दुसरे टेबल शोधेल. जुगाराची सवय हा उपचार होणारा आजार आहे. बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात व्यसनांवर उपचार होतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते. त्याच्याबरोबर पहिल्या भेटीला कोणीतरी जा. एकटा गेला तर बहुतेक वेळा तो गेटवरूनच परत फिरतो.